पथ्य पाळताना उपासमार तर होत नाही ना?

दीर्घ आजारातील आहार, वजन आणि अंगातील बळ

यावलच्या परिसरात केळीचा घड झाडावरून उतरला की त्याला प्रथम काट्यावर चढावे लागते. सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीच्या काठापर्यंत, यावल, फैजपूर, सावदा, रावेर या साऱ्या पट्ट्यात वर्षाचे गणितच किलो आणि क्विंटल यांवर चालते. घडाचे वजन दोन किलोंनी घटले तरी शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडते. खत कमी पडले का, पाण्याची पाळी चुकली का, कोणता रोग शिरला, याचा शोध त्याच दिवशी सुरू होतो. त्याच घराच्या ओसरीवर खाटेवर बसलेल्या वडिलांचे वजन मात्र गेल्या सहा महिन्यांत सहा किलोंनी उतरलेले असते आणि ते कोणाच्याही वहीत नोंदलेले नसते.

असे एक घर कल्पनेने उभे करू. कदाचित ते आपल्या ओळखीचेही वाटेल. घरातील बापू ७२ वर्षांचे आहेत. वीस वर्षांचा मधुमेह, दहा वर्षांचा रक्तदाब आणि दोन वर्षांपूर्वी आलेला हृदयविकाराचा झटका. घरच्यांनी पथ्य मनापासून पाळले. साखर गेली, मग भात गेला. मीठ गेले, त्याबरोबर भाजीची चव गेली. तेल गेले. किडनी ठीक असल्याचे डॉक्टरांनी सांगितले असतानाही, डाळीने किडनी बिघडते असे कोणीतरी बोलले आणि डाळ पातळ होत होत नुसते पाणी उरले. आता बापू अर्धी भाकरी आणि दुधीची भाजी खातात आणि ताट सरकवून म्हणतात, “मले नको.” सूनबाईंना वाटते, वयच झाले. मुलाला वाटते, साखर ताब्यात आहे, म्हणजे सारे ठीक आहे. वास्तविक बापूंचा आजार जितका त्यांना पोखरतो आहे, जवळजवळ तितकेच त्यांचे रिकामे ताटही पोखरते आहे.

या लेखाचा विषय हाच आहे. मधुमेह, हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार, दम्यासारखे फुप्फुसाचे जुनाट आजार, क्षयरोग, पक्षाघात, कर्करोग हे सारे आजार निराळे असले, तरी ते लांबले की एका वळणावर एकत्र येतात. भूक मंदावते, वजन उतरते, स्नायू झिजतात आणि माणूस उठणे, बसणे, चालणे, स्वतःच्या हाताने जेवणे या साध्या गोष्टींत परावलंबी होतो. यातील बरेचसे वेळीच लक्ष दिल्यास टाळता किंवा निदान लांबवता येते.

अंगावरचे मांस जाते कोठे?

शरीर झिजण्याची कारणे मुख्यतः तीन आहेत आणि रुग्णात ती बहुधा एकत्रच काम करतात.

पहिले कारण सरळ आहे: पोटात पुरेसे अन्न जात नाही. तोंडाची चव गेलेली असते, कवळी सैल झालेली असते, तोंड कोरडे पडते, गोळ्यांनी मळमळते, बद्धकोष्ठतेने पोट भरल्यासारखे वाटते, किंवा मन उदास असते. वृद्धांमधील नैराश्य पुष्कळदा रडण्यातून व्यक्त होत नाही, ते न जेवण्यातून व्यक्त होते.

दुसरे कारण आजार स्वतः आहे. कर्करोग, हृदयाची दुर्बलता, मूत्रपिंड निकामी होणे, जुनाट फुप्फुसविकार यांत शरीरात सतत एक प्रकारचा दाह धुमसत असतो. हा दाह भूक मारतो आणि स्नायूंतील प्रथिने मोडून काढतो. अशा झिजेला वैद्यकशास्त्रात ‘कॅकेक्सिया’ म्हणतात. साध्या उपासात शरीर आधी चरबी वापरते आणि पुन्हा अन्न मिळाले की भरून येते. कॅकेक्सियात चरबीबरोबर स्नायूही जातात आणि केवळ जास्त खाऊ घालून ते पूर्णपणे परत येत नाहीत. म्हणूनच “आम्ही इतके खाऊ घालतो, तरी अंगाला लागत नाही,” असे म्हणणाऱ्या घराने स्वतःला दोष देऊ नये. मूळ आजाराचा उपचारही तितकाच आवश्यक असतो.

तिसरे कारण म्हणजे पडून राहणे. वयाबरोबर स्नायू कमी होण्याच्या अवस्थेला १९८९ मध्ये अमेरिकेतील संशोधक आयर्विन रोझेनबर्ग यांनी ‘सार्कोपेनिया’ हे नाव सुचवले. ही झीज एरवी वर्षानुवर्षे हळूहळू चालते. अंथरुणात मात्र तिचा वेग विलक्षण वाढतो. निरोगी वृद्धांना १० दिवस अंथरुणात ठेवून केलेल्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो मांस कमी झालेले आढळले. ही माणसे निरोगी होती आणि पोटभर जेवत होती. मग ताप, न्यूमोनिया किंवा शस्त्रक्रियेनंतर अर्धपोटी पडून असलेल्या रुग्णाचे काय होत असेल, याची कल्पना करावी. “त्यांना हलवू नका, आराम करू द्या,” ही आपली माया कधी कधी त्यांच्या पायांतील बळ काढून घेते.

घरच्या घरी ओळखावे कसे?

यासाठी मोठ्या तपासण्यांची गरज नाही. चार गोष्टी आपण घरीच करू शकता.

*वजन.* दर पंधरा दिवसांनी, सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, साधारण सारख्याच कपड्यांत वजन करावे आणि तारखेसह वहीत लिहावे. प्रयत्न न करता सहा महिन्यांत वजन ५ टक्क्यांहून अधिक उतरले, तर ती धोक्याची खूण समजावी. ६० किलोंच्या माणसाचे ५ टक्के म्हणजे ३ किलो. बापू ६२ किलोंवरून ५६ वर आले, म्हणजे जवळजवळ १० टक्के गेले. उभे राहता येत नसेल तर धोतर किंवा लुगडे सैल होणे, बांगड्या कोपराकडे सरकणे, अंगठी निघून पडणे, कवळी हलणे याही वजनाच्याच नोंदी आहेत.

*पोटरी.* रुग्णाला पाय जमिनीला टेकवून खुर्चीवर बसवावे. त्याने आपल्या दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जोडून पोटरीच्या सर्वांत जाड भागाभोवती कडे करावे. कडे आणि पोटरी यांत फट राहिली तर स्नायू घटल्याची शंका घ्यावी. टेप असेल तर घेर मोजावा. आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषांनुसार पुरुषांत ३४ सेंटिमीटरांहून आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरांहून कमी घेर असल्यास पुढील तपासणी करावी.

*खुर्चीवरून उठणे.* हात छातीशी दुमडून, कशाचाही आधार न घेता, खुर्चीवरून पाच वेळा उठून बसण्यास १२ सेकंद किंवा अधिक लागत असतील, तर पायांतील बळ कमी झाले आहे. हे पाहताना जवळ उभे राहावे.

*सूज.* पायांवर किंवा पोटात पाणी साठलेल्या रुग्णाचे वजन फसवे असते. पाण्याचे चार किलो वाढतात आणि मांसाचे चार किलो कमी होतात. काट्याला दोन्ही सारखेच. अशा वेळी दंड, खांदे आणि कानशिले पाहावीत. तेथे खळगे पडले असतील तर सुजलेल्या पायांखाली कुपोषण दडलेले आहे.

पथ्यांची बेरीज

पथ्याला आपल्याकडे मान आहे आणि तो योग्यच आहे. अडचण येते ती बेरजेने. मधुमेहाच्या डॉक्टरांनी एक यादी दिली, हृदयरोगतज्ज्ञांनी दुसरी, नातेवाइकांनी तिसरी. प्रत्येक यादी आपापल्या जागी बरोबर असली, तरी तिन्ही एकत्र केल्या की ताटात काहीच उरत नाही. म्हणून वर्षातून एकदा तरी साऱ्या याद्या एकाच डॉक्टरांपुढे ठेवून विचारावे: “यांतील कोणते पथ्य आता खरोखर आवश्यक आहे आणि कोणते सैल करता येईल?” चाळिशीत वजन उतरवण्यासाठी दिलेला सल्ला सत्तरीत, वजन उतरू लागल्यावर, जसाच्या तसा लागू पडत नाही.

साखरेचेही तसेच आहे. अनेक आजार असलेल्या थकलेल्या वृद्धांसाठी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे उद्दिष्ट तरुणांइतके कडक न ठेवता ८ टक्क्यांच्या आसपास ठेवण्याकडे तज्ज्ञांचा कल असतो. कारण फार कडक नियंत्रणात साखर अचानक उतरण्याचा धोका मोठा असतो.

आता प्रथिनांविषयी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. वृद्धांसाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०१३ मध्ये १ ते १.२ ग्रॅम आणि दीर्घ आजारात १.२ ते १.५ ग्रॅम अशी मर्यादा सुचवली. मूत्रपिंडाच्या रुग्णांचा हिशेब वेगळा आहे, तो पुढे पाहू. ५६ किलोंच्या बापूंना, म्हणजे, रोज साधारण ५६ ते ६७ ग्रॅम प्रथिने हवीत. अर्धी भाकरी आणि दुधी यांतून त्याचा चौथा हिस्साही मिळत नाही.

यासाठी महागडे डबे आणण्याची आवश्यकता नाही. बाजारातील ‘ताकदीच्या’ पुष्कळ पावडरींत साखरच अधिक असते. लेबल वाचल्याखेरीज घेऊ नयेत. खानदेशी स्वयंपाकघरात मुळातच बळ आहे. कळण्याची भाकरी घ्या. ज्वारी आणि सालासकट उडीद एकत्र दळण्यात आपल्या आजीपणजींचे शहाणपण आहे. ज्वारीत लायसिन हा प्रथिनघटक कमी असतो, तो उडदातून भरून निघतो. दिवसाचे गणित साधारण असे मांडता येईल: सकाळी एक पेला दूध आणि एक अंडे, किंवा अंड्याऐवजी मोड आलेल्या मटकीची वाटी, दुपारी दीड कळण्याची भाकरी, घट्ट वरण आणि वाटीभर दही, चार वाजता मूठभर शेंगदाण्यांचे कूट, रात्री दीड भाकरी, उसळ किंवा डाळ आणि झोपण्यापूर्वी पुन्हा पेलाभर दूध. एवढ्यात ६० ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. एका बैठकीत हे जाणार नसेल तर दिवसाचे सहा छोटे भाग करावेत. भाकरी चावत नसेल तर तिच्याच पिठाची घट्ट आंबील करावी. भरीत करताना त्यात दाण्याचे कूट घालावे. खिचडीवर चमचाभर तूप घातल्याने सुमारे ४५ कॅलरी वाढतात आणि घासही सहज उतरतो. मीठ कमी करावयाचे असेल तर चव लिंबू, कोथिंबीर, जिरे, लसूण यांनी राखावी; बेचव अन्न वाढून “जेवत नाहीत” म्हणणे न्यायाचे नव्हे.

केळी: कोणाला अमृत, कोणाला संकट

जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या भागात केळी हे फळ नसून घरातले माणूसच आहे. त्यामुळे तिच्याविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे.

वजन उतरलेल्या, दात नसलेल्या, मूत्रपिंड चांगले असलेल्या वृद्धाला केळे उत्तम आहे. ते मऊ असते, एका मध्यम केळ्यात सुमारे १०० कॅलरी असतात आणि कुस्करून दह्यात देता येते. मधुमेह असल्यास अर्धे केळे, तेही दिवसाच्या हिशेबात धरून, बहुधा चालू शकते.

मूत्रपिंडाचा विकार बळावलेल्या रुग्णाची गोष्ट मात्र वेगळी. एका मध्यम केळ्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. निरोगी मूत्रपिंड ते सहज बाहेर टाकते, थकलेले मूत्रपिंड टाकू शकत नाही. रक्तातील पोटॅशियम फार वाढले तर हृदयाचे ठोके अनियमित होतात आणि क्वचित ते थांबतातही. अनेकदा आधी काही लक्षणही दिसत नाही. कच्च्या केळ्याची भाजी आणि केळ्याचे वेफर्स यांनाही हाच नियम लागू आहे. नारळपाणी, बटाटा, टोमॅटो, सुकामेवा यांतही पोटॅशियम भरपूर असते. आणखी एक लपलेला धोका म्हणजे ‘कमी सोडियमचे मीठ’. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेले असते. रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या काही गोळ्यांनीही पोटॅशियम वाढते. म्हणून मूत्रपिंडाच्या रुग्णाने रक्तातील पोटॅशियम तपासून, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच फळे ठरवावीत. सफरचंद, अननस यांत ते तुलनेने कमी असते. भाज्या बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी टाकून दिल्यास बरेचसे पोटॅशियम निघून जाते.

प्रथिनांच्या बाबतीत येथे एक मोठी चूक घडते. डायलिसिस सुरू होण्यापूर्वी मूत्रपिंडावरील भार कमी ठेवण्यासाठी प्रथिने मोजकी, साधारणतः दर किलोमागे ०.६ ते ०.८ ग्रॅम, ठेवली जातात. डायलिसिस सुरू झाल्यावर मात्र ती १ ते १.२ ग्रॅमपर्यंत वाढवावी लागतात, कारण या प्रक्रियेतही प्रथिने वाया जातात. अनेक घरांत जुनेच पथ्य पुढे चालू राहते आणि रुग्ण डायलिसिसपेक्षा उपासमारीने खंगतो. शिवाय क्रिएटिनिन हा पदार्थ स्नायूंतून तयार होतो. अंगावर मांसच नसलेल्या वृद्धाचे क्रिएटिनिन मुळातच कमी दिसते. “रिपोर्ट नॉर्मल आहे,” एवढ्यावर थांबू नये; वय धरून काढलेली मूत्रपिंडाची कार्यक्षमता किती, हे डॉक्टरांना विचारावे.

आजार तसा आहार

*हृदयाची दुर्बलता.* या रुग्णांच्या आतड्यांनाही सूज येते, म्हणून दोन घासांत पोट भरते. थोडे थोडे, अनेक वेळा द्यावे. पापड, लोणचे, शेव यांतील मीठ मोजावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढाला दिवसभरात ५ ग्रॅमहून कमी मीठ पुरे. या रुग्णांचे वजन रोज करावे. तीन दिवसांत दोन किलोंनी वाढल्यास ते शक्तीचे नव्हे, साठलेल्या पाण्याचे लक्षण समजून डॉक्टरांकडे जावे.

*फुप्फुसाचे जुनाट विकार.* विडीच्या धुराइतकाच चुलीचा धूरही फुप्फुसे निकामी करतो. आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या आयाआज्यांना हे दुखणे म्हणूनच दिसते. त्यांना श्वास घेण्यातच पुष्कळ शक्ती खर्चावी लागते. जेवणापूर्वी अर्धा तास विश्रांती द्यावी, पोट तट्ट भरेल असे वाढू नये आणि थोड्या घासांत अधिक ऊर्जा मिळेल असे तूप, कूट, दूध वापरावे.

*क्षयरोग.* येथे अन्न हे औषधाइतकेच मोलाचे आहे. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘राशन्स’ या अभ्यासात, रुग्णाच्या कुटुंबीयांना पोषक शिधा दिल्यावर त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण जवळजवळ ४० टक्क्यांनी किंवा त्याहून अधिक घटलेले आढळले. निक्षय पोषण योजनेत रुग्णाला उपचारकाळात मिळणारे साहाय्य नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा ५०० वरून १,००० रुपये झाले आहे. ते बँकेत जमा होते; आरोग्य केंद्रात नोंद झाली आहे ना, हे पाहावे.

*मधुमेह.* जेवण घटले तरी गोळी किंवा इन्शुलिन पूर्वीइतकेच चालू ठेवणे धोक्याचे आहे. मूत्रपिंड मंदावले असल्यास औषध शरीरात अधिक काळ रेंगाळते. वृद्धात साखर उतरल्यावर घाम येतोच असे नाही. असंबद्ध बोलणे, झोक जाणे, गुंगी हीच लक्षणे असू शकतात. अशा वेळी साखर तपासावी. रुग्ण शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर लगेच साखरपाणी द्यावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत, विशेषतः शाकाहारी व्यक्तींत, ब१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते. पायांना मुंग्या, तोल जाणे, विसरभोळेपणा ही त्याची चिन्हे असू शकतात.

*पक्षाघात आणि कंपवात.* येथे प्रश्न भुकेचा नसून गिळण्याचा असतो. जेवताना ठसका, जेवणानंतर आवाज ओला होणे, गालात घास राहणे, वारंवार ताप येणे ही अन्न श्वासनलिकेत जात असल्याची लक्षणे आहेत. रुग्णाला ताठ बसवूनच भरवावे, हनुवटी किंचित खाली असावी, घास लहान असावा, आणि जेवणानंतर अर्धा तास बसवून ठेवावे. पाण्यासारखा पातळ पदार्थ सर्वांत अवघड असतो. दुधात कुस्करलेली भाकरीही फसवते, कारण दूध पुढे जाते आणि कण मागे राहतात. एकजीव घोटलेली घट्ट खिमट अधिक सुरक्षित. झोपेत असलेल्या माणसाला कधीही भरवू नये.

सलाईनच्या बाटलीत किती बळ?

“एक सलाईन लावा, म्हणजे ताकद येईल,” हे वाक्य प्रत्येक दवाखान्यात ऐकू येते. हिशेब करून पाहू. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलिलीटर बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असते, म्हणजे सुमारे पाच चमचे साखर. त्यातून १०० कॅलरीही मिळत नाहीत. ५० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत सुमारे १७० असतात. साध्या मिठाच्या सलाईनमध्ये ऊर्जा शून्य असते आणि ५०० मिलिलीटरमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असते. उलट्या, जुलाब, उष्माघात अशा वेळी सलाईन प्राण वाचवते, यात शंका नाही. पण शक्तीसाठी म्हणून लावलेली बाटली दुर्बल हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला धापेपर्यंत नेऊ शकते. डॉक्टर नको म्हणत असतील तर आग्रह धरू नये.

याच्या उलट एक चूक आहे. पाच-सहा दिवस जवळजवळ काहीच न खाल्लेल्या, फार खंगलेल्या माणसाला एकदम भरपेट गोडधोड खाऊ घालणे धोक्याचे असते. रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने उतरतात आणि हृदयावर ताण येतो. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या उपाशी कैद्यांत हे प्रथम ठळकपणे दिसले. अशा रुग्णाचा आहार डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू वाढवावा.

उठते ठेवा, चालते ठेवा

खाल्लेल्या प्रथिनांचे मांस होण्यासाठी स्नायूंना काम हवे. डॉक्टरांची हरकत नसेल तर दिवसातून दोन-तीन वेळा, दर वेळी आठ-दहा वेळा, खुर्चीवरून उठबस करवावी. जेवण अंथरुणात न देता खुर्चीवर द्यावे. अंगणापर्यंत, मग गल्लीच्या टोकापर्यंत चालवावे. “मी करते, तुम्ही बसा,” असे प्रत्येक वेळी म्हणू नये. शेंगा सोलणे, लसूण निवडणे, स्वतःचे कपडे घडी करणे हीही हातांची कसरतच आहे.

पडण्याची भीती खरी आहे. पलंगापासून शौचालयापर्यंत रात्रभर मंद दिवा असावा, वाटेत पायपुसणे घसरते नसावे, भिंतीला धरण्यासाठी कडी असावी. वजन उतरल्यावर रक्तदाबाच्या गोळीची जुनी मात्रा जास्त होऊ शकते. उभे राहताच चक्कर येत असेल तर बसून आणि उभे राहून रक्तदाब मोजून घ्यावा.

जे उठूच शकत नाहीत, त्यांची कूस दर दोन तासांनी बदलावी. माकडहाड, टाचा, खुबे रोज पाहावेत. लाल झालेली जागा चोळू नये. चोळल्याने खालची त्वचा अधिक दुखावते. कितीही मलम लावले तरी प्रथिनांविना अशी जखम भरत नाही.

आणि आपला उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा वृद्धांना तहान पुरेशी लागतच नाही. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर शरीर लवकर सुकते. दर दोन तासांनी थोडे पाणी द्यावे. हृदय आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी पाण्याची व गोळीची उन्हाळ्यातील मात्रा आधीच डॉक्टरांना विचारून ठेवावी.

वेळ न घालवता डॉक्टरांकडे जावे, जर…

- महिन्याभरात वजन दोन-तीन किलोंनी उतरले असेल;
- दोन दिवसांत जेवण निम्म्याहून कमी झाले असेल;
- प्रत्येक घासाला ठसका लागत असेल;
- अचानक गुंगी, असंबद्ध बोलणे किंवा तोल जाणे सुरू झाले असेल;
- पायांची सूज किंवा धाप वाढली असेल;
- चार दिवस शौचाला झाले नसेल;
- त्वचेवर न जाणारा लाल डाग किंवा जखम दिसली असेल.

जाताना वजनाची वही आणि सर्व औषधांची पिशवी बरोबर न्यावी. ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेत ऑक्टोबर २०२४ पासून वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळते. कार्ड आजारपण येण्यापूर्वीच काढून ठेवावे. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनीही आहे.

जेव्हा घास खरोखरच नको असतो

शेवटी एक अवघड गोष्ट. प्रत्येक ‘नको’ मागे उपाय असतोच असे नाही. आजार अंतिम टप्प्यात पोहोचला की शरीर हळूहळू अन्नपाणी मागणे थांबवते. अशा वेळी माणूस न जेवल्यामुळे जात नसतो. जाण्याची वेळ आल्यामुळे त्याला जेवण नको असते. तेव्हा जबरदस्तीने भरवलेला घास त्याला पोसत नाही, केवळ गुदमरवतो. स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या अवस्थेत नाकातून नळी घालून आयुष्य वाढते असेही दिसून आलेले नाही. हाताने, सावकाश, त्याला हवे तेवढेच भरवणे हेच तज्ज्ञ अधिक योग्य मानतात.

आपल्या संस्कृतीत जेवू घालणे हीच मायेची भाषा आहे, म्हणून हे स्वीकारणे जड जाते. पण ओठ ओले करणे, तोंड मऊ कापडाने स्वच्छ करणे, आवडत्या पदार्थाची चव जिभेला लावणे, हात हातात घेऊन बसणे हीही सेवाच आहे. मुंबईतील शांती आवेदना सदन १९८६ पासून आणि पुण्यातील सिप्ला पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून हेच शिकवत आले आहेत: बरे करता येत नसेल तेव्हाही वेदना, तहान, भीती कमी करता येते. हा टप्पा आला आहे की नाही, हे मात्र घरच्यांनी परस्पर ठरवू नये. तो निर्णय डॉक्टरांशी मोकळेपणे बोलून आणि शक्य असेल तोवर रुग्णाला विचारूनच घ्यावा.

बापू त्या टप्प्यापासून दूर आहेत. त्यांच्या ताटात घट्ट वरण, कळण्याची भाकरी आणि वाटीभर दही परत यायला कोणत्याही तज्ज्ञाची वाट पाहावी लागणार नाही. त्यांच्याबरोबर कोणी जेवायला बसले तर दोन घास अधिकच जातील. एकटे जेवणारा वृद्ध नेहमीच कमी जेवतो. आणि सूनबाई, सेवा करणारी आपणही वेळेवर जेवा, आठवड्यातून एक दुपार दुसऱ्या कोणावर सोपवा. थकलेल्या हातांनी भरवलेला घास दोघांनाही जड होतो.

आज संध्याकाळी एवढेच करावे. वजनकाटा बाहेर काढावा, वडिलांना किंवा आईला त्यावर उभे करावे आणि केळीच्या हिशेबाच्या वहीतच एका कोऱ्या पानावर तारीख आणि आकडा लिहावा. पंधरा दिवसांनी दुसरा आकडा त्याखाली येईल. तो उतरलेला दिसला, तर आठी कपाळावर तेव्हाही उमटली पाहिजे.